गाड्यांच्या सिस्टर

मीटरमध्ये चेक इंजिनची पिवळी लाईट लागली म्हणून कुणी घाबराघुबरा होऊन फाटकाशी आला, तरी सिस्टर लगेच गाडीकडे बघत नसत. आधी त्या माणसाला ओट्यावर बसवत, पाणी देत आणि त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत गप्प राहत. मग विचारत, "लाईट लागली त्याच्या आधी काय झालं होतं?" माणूस म्हणे, काहीच नाही. सिस्टर शांतपणे म्हणत, "काहीच झालं न्हाई असं नसतंय. आठव." आणि खरोखरच त्याला काहीतरी आठवेपर्यंत त्या जागच्या हलत नसत.

सिस्टर खऱ्याच सिस्टर होत्या. सगळी नोकरी बिलोलीच्या दवाखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर नांदेडला आमच्या कॉलनीत घर बांधून राहिल्या. यजमान आधीच गेलेले, मुलगा हैदराबादला कंपनीत. सुया टोचून आणि सलाईनच्या बाटल्या बदलून हातांना लागलेली सवय एकदम थांबली, तशा त्या अस्वस्थ झाल्या. मग मोटार ड्रायव्हिंगच्या शाळेत नाव घातलं. शिकवणारा पोरगा त्यांना आजी म्हणायचा आणि त्या त्याला दटावायच्या, "आजी घरी. इथं सिस्टर म्हण." लायसन्स हातात आल्यावर त्यांनी एक पांढरी, छोटी, जुनी पेट्रोल गाडी घेतली.

स्कॅनर आला तो रागातून. एकदा त्यांच्या गाडीत लाईट लागली. गॅरेजमधल्या माणसाने स्टिअरिंगच्या खाली एक यंत्र खुपसलं, पडद्याकडे बघितलं, बटण दाबून लाईट घालवली आणि "झालं" म्हणाला. काय झालं ते सांगितलं नाही. सिस्टरांना ते फार लागलं. घरी येऊन मला म्हणाल्या, "वंदना, पेशंटचा रिपोर्ट पेशंटला दाखवायचा नसतो का? आमच्याकडं असं कुणी केलं असतं तर मेट्रननं फाडून खाल्लं असतं." त्याच आठवड्यात त्यांनी मुलाला सांगून काडेपेटीएवढा एक स्कॅनर मागवला. तो गाडीच्या खोबणीत बसवायचा, फोनला जोडायचा आणि फोनवर कोड वाचायचा. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे चार आकडे.

त्या कोडची त्यांनी आपल्या पद्धतीने वाटणी करून टाकली होती. पीने सुरू होणारा कोड इंजिनाचा, म्हणजे मेडिसिनचा वॉर्ड. सी म्हणजे ब्रेक आणि चाकांकडचं, ते ऑर्थोपेडिक. बी म्हणजे दारं, काचा, एअरबॅग, ते वरवरचं, ओपीडीत बघायचं. आणि यू म्हणजे गाडीतली यंत्रं एकमेकांशी बोलेनाशी झालेली. "त्याला आपल्याकडं वॉर्ड न्हाई," त्या म्हणायच्या, "ते घरोघरी हाय."

माझं माहेर लातूरचं. नांदेडच्या एका कॉलेजात कार्यालय अधीक्षक आहे, आणि आईवडील लातूरला असल्यामुळे जाणं-येणं सारखं चालू असतं. मला याद्या करायची सवय आहे. प्रवासाची यादी, किराण्याची यादी, गाडीत काय काय ठेवायचं त्याची यादी. त्यामुळे लातूरहून येताना अहमदपूर सोडल्यावर माझ्या गाडीत लाईट लागली, तेव्हा मी घरी पोचेपर्यंत मनात प्रश्नांची क्रमवार यादी करून सिस्टरांकडे गेले. गाडी चालवावी की नाही, खर्च किती, टोचन करून न्यावी का. सिस्टरांनी यादी पूर्ण ऐकून घेतली, मान डोलावली आणि त्यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर न देता विचारलं, "त्याच्या आधी काय झालं होतं?"

काही झालं नव्हतं. फक्त निघायच्या आदल्या दिवशी लातूरला सर्व्हिसिंग करून घेतलं होतं.

"हाव, मग हेच की ते," म्हणत त्या उठल्या. स्कॅनरवर पी-०१७१ आला. त्याचा अर्थ त्यांनी मला चहा गाळता गाळता समजावून दिला. इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठराविक मापात लागतं. हवा मोजून आत घेतात. न मोजलेली हवा कुठूनतरी शिरली की मिश्रण पातळ होतं आणि गाडी तक्रार करते. "पण मशीन एवढंच सांगतंय की कुठं दुखून राहिलं. कामून दुखून राहिलं ते आपण हुडकायचं." माझ्या गाडीत हुडकायला फार लागलं नाही. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप मेकॅनिकने लावलीच नव्हती. सिस्टरांनी ती अंगठ्याने दाबून बसवली. त्या दिवशी मी माझ्या यादीत सर्वांत वर एक प्रश्न वाढवला. तो कुठला ते सांगायला नको.

त्या स्वतः गाडी दुरुस्त करत नसत. वाचायचं, विचारायचं, आणि मग गॅरेजला पाठवायचं. कारण सापडल्याशिवाय कोड पुसायचा नाही, हा एक नियम. दुसरा नियम त्याहून कडक होता. "लाईट नसंल तर हात लावायचा न्हाई." कुणी हौसेने म्हणालं की सिस्टर, लाईट नाही पण एकदा बघून तर घ्या, तर त्या त्याला परत पाठवत. दवाखान्यात धडधाकट माणसं उगाच सलाईन लावून घ्यायला यायची, त्यांनाही त्या असंच परत पाठवायच्या म्हणे.

त्यांच्या निदानांवर आंधळा विश्वास ठेवावा अशातला मात्र भाग नव्हता. कॉलनीतल्या एका भुईमुगाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत धुराच्या नळीचा कोड आला, तेव्हा सिस्टरांनी चेहरा गंभीर करून सांगितलं की आतली जाळी गेली, मोठं काम आहे. गॅरेजमध्ये कळलं की डिकीत शेंगांचं पोतं असायचं, त्यासाठी येणाऱ्या उंदराने वायर कुरतडली होती. यावर सिस्टर ओशाळल्या नाहीत. उलट महिनाभर येईल त्याला रंगवून सांगत होत्या. "मी कॅन्सर सांगितला आणि निघाला उंदीर." त्यांना चूक झाल्याचं वाईट वाटत नसे, एक नवीन गोष्ट कळली याचा आनंद मोठा असे. त्यानंतर 'डिकीत खायचं काही ठेवता का' हा त्यांचा ठरलेला प्रश्न झाला.

एक गोष्ट मात्र त्या कधीच कुणाला सांगत नसत. कोड पडतो त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, हे सगळं गाडी आपल्या पोटात जपून ठेवते आणि स्कॅनर ते दाखवतो. एकदा एक प्राध्यापक सपत्नीक आले. सर सांगत होते की मी आपला निवांत चाललो होतो. सिस्टरांनी फोनकडे बघितलं आणि "असंल, असंल" म्हणाल्या. बाई हात धुवायला आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "सर, लोह्याच्या रस्त्यावर इतकं निवांत जात जाऊ नका." सरांचा चेहरा पडला. बाई बाहेर आल्या तेव्हा सिस्टर त्यांना फिल्टरबद्दल सांगत होत्या. नंतर मी किती खोदून विचारलं, पण वेग काही त्यांनी मला सांगितला नाही. "पेशंटचं पेशंटपाशी," एवढंच.

वर्षातला त्यांचा सर्वांत धामधुमीचा दिवस म्हणजे दसरा. आपल्याकडे खंडेनवमीला गाड्यांची पूजा होते, आणि पूजा म्हणजे आधी आंघोळ. लोक बॉनेट उघडून थेट इंजिनावर पाण्याचा पाईप धरतात. मग हळद-कुंकू, मग झेंडूची माळ, मग नारळ फोडून त्याचं पाणी जमेल तिथे. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला आलेले निम्मे लोक आपट्याच्या पानांबरोबर गाडीची लाईटही घेऊन येत. सिस्टर ओट्यावर खुर्ची टाकून बसत. कुणाच्या वायरींच्या जोडात पाणी, कुणाच्या हवेच्या नळीत झेंडूच्या पाकळ्या. "देवाला आंघोळ घालताना नाकातोंडात पाणी घालता का?" असं प्रत्येकाला विचारत आणि पाकळ्या चिमट्याने काढून एका वाटीत ठेवत. निर्माल्यच ते, कचऱ्यात कसं टाकणार?

अशा या सिस्टरांच्या स्वतःच्या गाडीतच एक लाईट लागली आणि ती जाईना.

त्यासाठी आधी गुरुवारबद्दल सांगायला हवं. सिस्टरांची थोरली बहीण, अक्का, धर्माबादला राहायची. अक्कांना अर्धांगवायू झाला होता. डावा हात कामातून गेला, वॉकर धरून जेमतेम ओसरीपर्यंत येत. घरात सून होती, चांगली होती, पण अक्का आंघोळ आणि डोक्यावरून पाणी घ्यायच्या ते सिस्टरांच्याच हातून. दर गुरुवारी सिस्टर गाडी काढून धर्माबादला जायच्या, बहिणीला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या, जेवायच्या आणि दिवस मावळायच्या आत परत यायच्या. पूर्वी एसटीने जात. दोन गाड्या बदलाव्या लागत आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते जमेनासं झालं. गाडी घेण्याचं खरं कारण तेच होतं, बाकी सगळी हौस नंतरची.

गणपतीच्या सुमारास त्यांच्या गाडीने तो माझ्याच ओळखीचा कोड दाखवायला सुरुवात केली. पातळ मिश्रण. सिस्टरांनी क्लिपा तपासल्या, नळ्या तपासल्या, काही सापडलं नाही. गॅरेजमध्ये सेन्सर साफ करून, कोड पुसून गाडी परत आली. आठवडाभर ठीक. गुरुवारी धर्माबादहून परतताना पुन्हा लाईट. दुसऱ्या गॅरेजात नेली तेव्हा मी बरोबर होते. त्याने ऑइल तपासायची पट्टी काढली, तिच्या पिवळ्या कडीला काळा दोरा गुंडाळलेला होता. त्याने दोरा डोळ्यांना लावला, पट्टी पुसून परत नीट दाबून बसवली, फिल्टर बदलला. पुन्हा आठवडाभर ठीक. पुन्हा गुरुवारी लाईट. हळूहळू नुसती लाईट राहिली नाही, गाडी उभी असताना थरथरायला लागली, आणि एकदा नायगावच्या चौकात मधोमध बंद पडली. मागून ट्रकवाल्यांनी हॉर्नवर हॉर्न मारले. ही बातमी ज्याला कळू नये त्याला, म्हणजे हैदराबादच्या मुलाला, त्याच दिवशी कळली.

मुलगा वाईट नव्हता. घाबरला होता. फोनवर म्हणाला, आई, तुझं वय काय, रस्ता काय. दिवाळीला येतो, तोवर ही भानगड मिटली नसेल तर गाडी विकून टाकू आणि तू माझ्याकडे चल. सिस्टरांनी फोन ठेवला आणि ओट्यावर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "गाडी गेली तर जाऊ दे गं. पण अक्काच्या डोक्यावरून पाणी कोण घालंल?"

त्यानंतर आम्ही दोघी हात धुवून त्या लाईटच्या मागे लागलो. मी अर्थातच यादी केली. कुठलं पेट्रोल, कुठला रस्ता, ऊन की पाऊस. यादीचा उपयोग शून्य झाला, कारण तिच्यातून एवढंच निघालं की जाताना लाईट कधीच लागत नाही, येतानाच लागते, आणि ते सिस्टरांना आधीच माहीत होतं. तेव्हा सिस्टरांनी मिरचीचा सिद्धांत मांडला. धर्माबाद मिरचीचं गाव. बाजाराच्या बाजूने नुसतं चालत गेलं तरी माणूस शिंकून बेजार होतो. हवेतून मिरचीची पूड गाडीच्या सेन्सरवर बसत असणार. "माणसाला ठसका लागतोय तर गाडीला कामून लागू नये?" हा सिद्धांत त्यांना इतका आवडला की पुढच्या गुरुवारी त्यांनी बाजार टाळून लांबच्या रस्त्याने गाडी नेली, आणि अक्कांच्या अंगणात पोचल्यावर हवेच्या नळीच्या तोंडाला धुतलेलं फडकं बांधून ठेवलं. येताना आठवणीने सोडलंही. तरी लाईट लागलीच. फडक्यावर मिरचीचा कणही नव्हता. सिस्टरांनी ते नाकाशी धरून हुंगलं आणि खिन्न झाल्या. चांगला सिद्धांत वाया गेला होता.

दिवाळी जवळ आली होती. पुढच्या गुरुवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले.

धर्माबादला पोचल्यावर सिस्टरांनी नेहमीप्रमाणे अंगणात गाडी लावली आणि बॉनेट उघडून सळईचा टेकू दिला. लांबून आलेल्या गाडीला त्या असा 'श्वास घेऊ' देत. मग पदर खोचून आत गेल्या. अक्कांची आंघोळ झाली, वेणी झाली, जेवणं झाली. सिस्टर सुनेबरोबर मागच्या बाजूला भांडी घासायला बसल्या, नको म्हटलं तरी ऐकणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. मी ओसरीवर सुपारी कातरत होते. तेवढ्यात वॉकरची टकटक ऐकू आली. अक्का ओसरीची उतरण उतरून, एकेक पाऊल टाकत, अंगणात गाडीकडे निघाल्या होत्या.

मी उठणार तोच त्यांनी मानेनेच मला बसवलं. वॉकर गाडीला टेकवला. कमरेच्या पिशवीतून काळ्या दोऱ्याचा एक तुकडा काढला, त्याचं एक टोक दातात धरलं, आणि उजव्या हाताने तो दोरा ऑइलच्या पट्टीच्या त्या पिवळ्या कडीच्या बुडाशी, आधीच्या दोऱ्यांवर, गरागरा गुंडाळला. ओठ हलत होते. गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली. मग माझ्याकडे वळल्या.

"तिला सांगू नको," त्या म्हणाल्या. "हसंल मला."

मी विचारलं, दर गुरुवारी बांधता का.

"आधी येष्टीनं यायची तवा डायवर असायचा. त्याच्या भरवशावर सोडायची मी. आता डायवर हीच हाय. मग बांधावं लागतंय की." मग म्हणाल्या, "गाडीला गळा कुठं असतोय मला ठावं न्हाई. ती कडी दिसली, तिलाच बांधते."

नाही सांगणार, मी म्हणाले. त्यांना ओसरीवर आणून बसवलं. पण परत गाडीपाशी जाऊन पाहिल्याशिवाय मला राहवेना. दोऱ्यावर दोरा चढून कडीखाली करंगळीएवढी जाड गादी झाली होती, आणि त्या गादीने पट्टी नळीतून वर उचलून धरली होती. त्या फटीतून न मोजलेली हवा इंजिनात शिरत होती. गॅरेजवाले ती काढून, भक्तिभावाने दोरा डोळ्यांना लावून, जोर देऊन परत बसवत. दोरा दबे आणि आठवडाभर हवा बंद राही. गुरुवारी अक्का नवा वेढा देत आणि पट्टी पुन्हा वर येई. गॅरेजवाल्यांना वाटे की दोरा सिस्टरांनी बांधलाय. सिस्टरांना वाटे की गाडी घेतली तेव्हापासून तो आहे. देवाधर्माच्या वस्तूला हात कोण लावणार? काळ्या तेलात भिजलेला काळा दोरा, आणि आम्ही सगळे नळ्या तपासत बसलो होतो.

शब्द दिला होता म्हणून मी गप्प बसले. परतीला नायगावच्या अलीकडे लाईट लागली. सिस्टरांनी एका लिंबाच्या झाडाखाली गाडी घेतली, स्कॅनर लावला. तोच कोड. त्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना हरलेलं पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "सिस्टर, लाईट लागली त्याच्या आधी काय झालं होतं?"

"काय होणारंय? गेले, आंघोळ घातली, आले."

"काहीच झालं नाही असं नसतं. तुम्हीच म्हणता."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी उतरून बॉनेटशी जाऊन उभी राहिले. त्यांनी बॉनेट उघडलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा हात त्या पिवळ्या कडीकडे गेला. पट्टी सहज वरखाली हलली. त्यांनी ती बाहेर काढली, दोऱ्याची ती तेलकट गादी चष्म्याजवळ धरली आणि सर्वांत वरची, अजून कोरडी असलेली गाठ बोटाने चाचपली.

"ही एका हाताची गाठ हाय," त्या म्हणाल्या.

मग त्यांच्याच तोंडून मला कळलं. अक्कांना झटका आल्यावर, डावा हात गेल्यावर, परकराची नाडी आपली आपण बांधता यावी म्हणून एक टोक दातात धरून मारायची ही गाठ सिस्टरांनीच त्यांना शिकवली होती. कित्येक दिवस पलंगाशेजारी बसून घोटून घेतली होती. दुसरं कुणी तशी गाठ मारत नव्हतं.

मला वाटलं, रडतील. त्या हसायला लागल्या. आधी हळू, मग पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मिरची," त्या म्हणाल्या, "मी मिरचीला नाव ठेवून राहिले." पुन्हा पट्टी हातात धरून म्हणाल्या, "बघ वंदना, अजून कशी घट्ट मारती."

माझ्या पर्समध्ये छोटी कात्री असते, यादीतली वस्तू आहे ती. मी पुढे केली. सिस्टरांनी ती घेतली नाही. तिथेच उभ्या राहून, नखांनी एकेक गाठ सोडवत त्यांनी सगळे दोरे उकलले. पट्टी पुसून खाली दाबली, ती टक्क करून बसली. मग ते सगळे दोरे त्यांनी बॉनेटला टेकू देणाऱ्या सळईच्या बुडाशी गुंडाळले आणि वर गाठ मारली. दोन्ही हातांची, साधी. कारण सापडलं होतं, म्हणून कोड पुसला. गाडी सुरू केली तेव्हा ती इतकी शांत चालत होती की सिस्टरांनी खात्री करायला बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला.

अक्कांना त्यांनी यातलं काहीही सांगितलं नाही. पुढच्या गुरुवारी अंगणात बॉनेट उघडून ठेवलं आणि मुद्दाम भांडी घासायला मागे गेल्या. अक्कांनी कडीला दोरा बांधला. गाव मागे पडल्यावर सिस्टरांनी गाडी कडेला घेतली, दोरा सोडला, सळईला बांधला आणि पुढे निघाल्या. तेव्हापासून दर गुरुवारी हेच. आंघोळीइतकंच ते ठरून गेलं.

दिवाळीला मुलगा आला. पाच-सहा दिवस स्वतः गाडी चालवून पाहिली, लाईट लागेना. त्याचं समाधान होईना. गुरुवारी तोच आईला घेऊन धर्माबादला गेला. परत येताना गावाबाहेर आईने गाडी थांबवायला सांगितली, उतरून बॉनेट उघडलं आणि दोरा सोडून सळईला बांधला. त्याने काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. हे त्याने स्वतः मला नंतर सांगितलं. हैदराबादला परत जाताना तो गाडीचे चारही टायर नवे घालून गेला. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

अक्का पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेतच गेल्या, बुधवारी. दुसऱ्या दिवशीचं पाणी सिस्टरांनीच घातलं.

त्यानंतरही सिस्टर लोकांचे कोड वाचत राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या, पण त्यांची गाडी फाटकाच्या आतच उभी असायची. एका गुरुवारी मी पाहिलं, त्यांनी गाडी बाहेर काढली, कोपऱ्यापर्यंत नेली आणि वळवून परत लावली. काही दिवसांनी स्वतःच म्हणाल्या, "वंदना, हिला कुणीतरी चालवणारं बघ. उभं राहून इंजिन बसतंय." मी कागदपत्रांची यादी केली, माझ्या माहेरच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी यांना गाडी हवी होती, त्यांच्याशी बोलणं करून दिलं. गाडी लातूरला गेली. सिस्टर हैदराबादला मुलाकडे गेल्या. स्कॅनर मात्र बरोबर नेला. तिथल्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये त्यांचा आता चांगला जम बसलाय असं ऐकते. तेलुगूत 'त्याच्या आधी काय झालं होतं' कसं विचारायचं ते त्यांनी सर्वांत आधी शिकून घेतलं.

मागच्या महिन्यात लातूरच्या मास्तरांचा फोन आला. गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती. मेकॅनिक म्हणतोय, बॉनेटच्या सळईला काळ्या दोऱ्यांचा हा एवढा गुंडाळा आहे, जुना, तेलकट, कापून टाकू का. मी मास्तरांना थांबा म्हणाले आणि हैदराबादला फोन लावला. सिस्टरांना सगळं सांगितलं.  

मग त्यांनी विचारलं, "लाईट लागली का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग हात लावायचा न्हाई."